माळावरची चराई हा गुन्हा नव्हे

दर जूनमध्ये पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या माळांवर रांगेत, ठरावीक अंतरावर खड्डे खणले जातात. पाऊस पडला की ट्रॉल्या भरून रोपं येतात. गिरिपुष्प, सुबाभूळ, करंज, कडुनिंब. शाळेची मुलं येतात, पुढारी येतात, फोटो निघतात. त्या दिवसापासून तो माळ मेंढरांना बंद होतो, कारण मेंढरं रोपं खातात. पुढची काही वर्षं तिथे कळप घेऊन येणारा धनगर गुन्हेगार ठरतो. दंड होतो, हुज्जत होते, कधी मेंढरं कोंडवाड्यात जातात. रोपं जगली तर त्यांच्या सावलीत गवत मरतं. रोपं मेली तर काही वर्षांनी त्याच माळावर पुन्हा खड्डे.

या सगळ्यामागे एक समज आहे आणि तो आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडला आहे. माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल, आणि ते उजाड केलं चरणाऱ्या जनावरांनी. हा समज दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. आपल्या पर्जन्यछायेतले माळ ही स्वतंत्र, जुनी, पूर्ण वाढलेली अशी निसर्गव्यवस्था आहे, आणि चरणारी जनावरं तिच्यात बाहेरून घुसलेली नाहीत. गवत आणि ते खाणारे यांनी लाखो वर्षं एकमेकांना घडवलं आहे. म्हणून माळावरची सरसकट चराईबंदी उठवली पाहिजे, तिथलं वृक्षारोपण थांबवलं पाहिजे, आणि कुठे, कधी, किती चरायचं हे धनगरांना बरोबर घेऊन ठरवलं पाहिजे. हे मी कुणाच्या जुन्या जगण्याबद्दलच्या हळहळीतून म्हणत नाही. माळ वाचवायचा दुसरा मार्ग मला दिसत नाही, म्हणून म्हणतो.

सह्याद्री ओलांडून पूर्वेला गेलं की थोड्याच अंतरात वर्षाचा पाऊस ५००-६०० मिलिमीटरवर येतो. तोही चार महिन्यांत आणि बेभरवशाचा. उरलेले आठ महिने कोरडे. जमीन मुरमाड, वीतभर खाली कातळ. इथे दाट जंगल उभं राहत नाही, राहायला पाणीच नसतं. उभं राहतं ते गवत: मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी, कुसळी. मध्ये मध्ये हिवर, बोर, बाभूळ, खैर. ही झाडं विरळ असतात म्हणून माळाचं काही बिघडलंय असं नाही. त्या पावसाला आणि त्या मातीला तेवढीच झाडं परवडतात.

हे कालपरवाचं नाही. कडक उन्हात, कमी पाण्यात जोमाने वाढणारी गवतं भारतीय उपखंडात सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वी पसरली, याच्या खुणा हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक टेकड्यांच्या मातीत आणि तिथे सापडलेल्या प्राण्यांच्या दातांत आहेत. माणसाच्या हाती कुऱ्हाड येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आणि अगदी जवळचा पुरावा हवा असेल तर तो आपल्या भाषेत आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी मध्ययुगीन मराठी साहित्य आणि लोकपरंपरेतल्या ओव्या, कथा चाळून पश्चिम महाराष्ट्रातल्या वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. त्यांत सातशे-साडेसातशे वर्षं मागे गेलं तरी गवताळ, काटेरी प्रदेशातली झाडंझुडपंच मोठ्या संख्येने भेटतात. इंग्रजांच्या जंगलतोडीने किंवा धनगरांच्या मेंढरांनी हा प्रदेश माळ झाला, असं म्हणायला मग जागा राहत नाही.

आता गवताकडे नीट पाहू. बहुतेक वनस्पतींचा वाढीचा कोंब टोकाला असतो. शेळीने रोपट्याचा शेंडा खाल्ला की रोप खुंटतं, क्वचित मरतं. गवताची गोष्ट वेगळी आहे. त्याचा वाढीचा भाग बुडाशी, मातीलगत असतो आणि पातं खालून वर सरकत राहतं. जनावराने वरचं खाल्लं तरी बुडखा शाबूत असतो, आणि मुळांतल्या साठ्यावर तो पुन्हा पातं काढतो. आपल्या अंगणातली हरळी जितकी कापावी तितकी पसरते, ती याच गुणामुळे. खाल्लं जाण्याची अशी तयारी ज्या वनस्पतीच्या अंगातच आहे, ती खाणाऱ्यांच्या सोबतीनेच वाढलेली असणार.

गवत निमूटपणे खाल्लं जातं असंही नाही. त्याच्या पात्यात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात आणि ते दात झिजवतात. त्याला उत्तर म्हणून चरणाऱ्या प्राण्यांच्या दाढा उंच झाल्या, झिजत गेल्या तरी आयुष्यभर पुरतील अशा. गवतातला तंतुमय भाग कुठलाच सस्तन प्राणी स्वतःच्या बळावर पचवू शकत नाही, म्हणून गाय, म्हैस, मेंढी, काळवीट यांच्या पोटात चार कप्पे आले आणि पहिल्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव वस्तीला आले. दुपारी हिवराच्या सावलीत बसून रवंथ करणारं मेंढरू या सूक्ष्मजीवांसाठी चारा दळत असतं. कुसळीचं बी तर पाहण्यासारखं आहे. त्याच्या लांब पिळदार शेपटीला ओल लागली की पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा पडतो, आणि या फिरण्याने टोकदार बी मातीत शिरतं. तेच बी मेंढीच्या लोकरीत अडकून मैलोन्‌मैल जातं. वाईट म्हणजे कातडीतही घुसतं. म्हणून कुसळ धरायच्या आत तो माळ चारून पुढे जायचं, हे धनगराच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

सगळी जनावरं सारखं चरत नाहीत, हा मुद्दा आपल्या धोरणांत कुठेच येत नाही. गाईला वरचे पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताचा झुबका वेढून ओढते, त्यामुळे तिला उंच गवत लागतं आणि ती बुडखा बराच ठेवते. मेंढीचा वरचा ओठ दुभंगलेला, ती अगदी जमिनीलगत कातरते आणि कोवळं निवडून खाते. शेळी मान वर करून पाला शोधते. काळवीट मुख्यतः गवतावर जगतं. चिंकारा झुडपांचा पाला, बोरं, शेंगा आणि गवतातल्या इतर वनस्पती वेचतो. म्हशीला पाणी आणि पाणथळीतलं गवत हवं. सहा तोंडांचे सहा परिणाम. एकाच ठिकाणी फक्त शेळ्या वर्षभर ठेवल्या तर झुडपांची नवी पिढी उभी राहत नाही, हे खरं आहे. पण त्यावरून मेंढरांचा कळप दोन दिवस येऊन गेला की माळ संपला, असा निष्कर्ष कसा निघतो? १९२७ च्या वन कायद्यात मात्र ‘गुरं’ हा एकच शब्द आहे आणि राखीव वनात ती चारणं हा गुन्हा आहे. कोंडवाड्याचा कायदा तर १८७१ चा.

न चरलेल्या गवताचं काय होतं ते पाहू. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं. कुणी खाल्लं नाही की ते उभ्या उभ्या वाळतं आणि पुढच्या पावसात नव्या कोंबांच्या डोक्यावर जुन्या काड्यांचं छप्पर होऊन बसतं. ऊन खाली पोचत नाही. एकदोन वर्षं याने फारसं बिघडत नाही, उलट थकलेल्या माळाला विश्रांती मिळते. पण बंदी लांबली की दोनचार उंच, दांडगी गवतं बाकीच्यांना दाबून टाकतात आणि मार्च-एप्रिलमध्ये एक ठिणगी पडली की सगळा माळ पेटतो. वणव्याच्या बातम्यांत कारण म्हणून बिडी पिणाऱ्या माणसाचं नाव येतं. तिथे गुडघाभर वाळलेलं गवत कसं साचलं, याची चौकशी होत नाही.

याचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण टांझानियातल्या सेरेंगेटीचं आहे. १८९० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत बुळकांडीची साथ आली आणि पाळीव गुरांबरोबर रानातले वाइल्डबीस्ट हे कळपाने चरणारे प्राणीही पटापट मेले. पुढची सत्तर वर्षं त्यांची संख्या रोगाने दाबून ठेवली. भोवतालच्या गुरांना लसी दिल्यावर १९६० च्या दशकात रोग हटला आणि वाइल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपास होते ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांच्या पुढे गेले. इतकी तोंडं गवत खाऊ लागल्यावर वणव्यांना जळण उरलं नाही, आणि वणवे कमी झाल्यावर तिथे झाडांची संख्या वाढली. ज्यांचं मन झाडांतच गुंतलेलं आहे त्यांनी या घटनेचा विचार करावा. चरणारे परत आले आणि त्यांच्यामागून झाडं आली, कुणीही खड्डा न खणता.

आपल्याकडे याच्या उलटा प्रयोग झाला आहे आणि तोही गाजलेल्या ठिकाणी. राजस्थानातल्या भरतपूरचं केवलादेव घना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथली गावच्या म्हशींची चराई एकाएकी बंद केली गेली. नोव्हेंबर १९८२ मध्ये विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं मेली. सलीम अलींसारखा पक्षितज्ज्ञही या बंदीच्या बाजूने होता. म्हशी गेल्या की पक्ष्यांना निवांतपणा मिळेल, ही तेव्हाची प्रामाणिक समजूत होती. अलींच्याच बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली ते दशकभर तिथे अभ्यास केला. निष्कर्ष सगळ्यांच्या अपेक्षेविरुद्ध निघाला. म्हशी ज्या पाणगवताला आवरून धरत होत्या ते मोकाट वाढलं, तळी गवताने बुजू लागली, बदकांना लागणारं उघडं पाणी आटत गेलं. म्हशी हव्यात, असं त्या अभ्यासानेच सांगितलं. स्वतःच्या संस्थेच्या जुन्या भूमिकेविरुद्ध जाणारा निष्कर्ष इतक्या स्पष्टपणे मांडणाऱ्या त्या संशोधकांबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांचं ऐकून वन विभागांनी पुढच्या पस्तीस वर्षांत धडा घेतला असता, तर हा लेख लिहावा लागला नसता.

साताऱ्याजवळच्या कास पठारावरही तेच झालं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेलं. पर्यटकांची गर्दी आवरण्यासाठी कुंपण आलं, आणि पर्यटकांबरोबर आसपासच्या गावांची गुरंही बाहेर राहिली. कातळावरच्या पातळ मातीत उगवणारी सीतेची आसवं, गेंद ही बोटभर उंचीची फुलं. त्यांना उघडी, उन्हाची जागा लागते. गुरांचं तोंड आणि खूर ती जागा करून देत होते. चराई थांबल्यावर गवत माजलं आणि फुलं कमी झाली, असं स्थानिक लोक आणि अभ्यासक सांगू लागले. अखेर कुंपण काढायचा निर्णय झाला. हिमालयातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये १९८२ च्या बंदीनंतर एका दांडग्या वनस्पतीने फुलांच्या जागा व्यापल्याची तक्रार तर जुनीच आहे. तिथे कारणांबद्दल वाद आहेत, म्हणून मी ते उदाहरण फार ताणत नाही.

आता दुसरी बाजू. अति चराईने माळ खंगतो, यात शंका नाही, आणि चराईच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे दडवू नये. भारतातल्या गवताळ प्रदेशांच्या देशव्यापी पाहणीतून १९७० च्या दशकात हा उतार नीट मांडला गेला. दख्खनच्या चांगल्या माळावर शेडा, मारवेल अशी रसाळ बहुवर्षायू गवतं असतात. दाब वाढला की ती मागे पडतात आणि कुसळी पुढे येते. आणखी वाढला की एका पावसात उगवून मरणारी, जनावर तोंडही लावणार नाही अशी बारीक गवतं उरतात, आणि त्यानंतर नुसता मुरूम. असे माळ मी पाहिले आहेत आणि वाचकांनीही पाहिले असतील. तिथे काही वर्षं चराई थांबवली तर फरक पडतो. १९९२ च्या आदर्श गाव योजनेने नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान यांच्या पंगतीत चराईबंदी बसवली, ती याच अनुभवातून. हिवरे बाजारला डोंगरावर गवत परतलं, लोक ते कापून आणून जनावरांना घालू लागले, दुधाचा धंदा वाढला. त्या गावाने ते एकमताने, स्वतःच्या जमिनीसाठी, स्वतःच ठरवून केलं. त्याला मी नावं ठेवणार नाही.

पण एका गावाचा निर्णय राज्याचं तत्त्व झाला की त्याची किंमत कोण भरतो ते पाहावं लागतं. गवत कापून घरी आणणं कुणाला जमतं? ज्याच्या दारात दोन-चार म्हशी आहेत, गोठा आहे, जमीन आहे त्याला. दोनशे मेंढरं गोठ्यात बांधून कापलेल्या गवतावर पोसता येत नाहीत. म्हणजे गावाच्या ठरावात गवत गावाचं होतं आणि दर वर्षी त्या माळावरून जाणारा, पण त्या गावाचा मतदार नसलेला धनगर आपोआप बाहेर पडतो. ग्रामसभेत त्याला बोलावलं जात नाही. शिवाय कापणं म्हणजे चरणं नव्हे. विळा सगळं एका उंचीवर कापतो, जनावर निवडून खातं. विळ्यामागे लेंड्या पडत नाहीत. खुरांनी माती उकरली जात नाही, लोकरीतून बी दुसऱ्या माळावर जात नाही. कापलेल्या गवताबरोबर मातीतलं सत्त्व गावच्या गोठ्यात जातं आणि तिथून बागायतीत. माळाला परत काही मिळत नाही.

आणि अति चराई कशामुळे होते, हा प्रश्न विचारल्याशिवाय बंदीची चर्चा पुरी होऊच शकत नाही. धनगराचं मूळ गणित फिरण्याचं आहे. पावसाळ्यात आपल्या दुष्काळी मुलखात, माण, फलटण, बारामती, जत, आटपाडी, पारनेर अशा भागांत, माळ हिरवा असतो तेव्हा. दिवाळीच्या सुमाराला वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, उठतो. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढरं, कुत्री, वाघरी (मेंढरं कोंडायची जाळी). काही वाडे घाट उतरून कोकणात जातात, काही बागायती पट्ट्यांत. भात निघालेल्या खाचरांत, ज्वारी काढलेल्या रानांत मेंढरं बसवतात. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो किंवा पैसे, कारण एका रात्रीत शेतात पडलेलं लेंडी-मुताचं खत त्याला दुसरीकडून एवढ्या स्वस्तात मिळत नाही. मेंढरं बाहेर असतात ते सात-आठ महिने गावचा माळ मोकळा असतो. त्याला विश्रांती मिळते ती कुठल्या सरकारी फलकाने नव्हे, वाड्याच्या जाण्याने.

या वाटा आपण गेल्या पन्नास वर्षांत एकेक करून बंद केल्या. कालव्याच्या पाण्याने ऊस आला आणि बारमाही पिकाच्या रानात मेंढरांना जागा राहिली नाही. शेतांना तारेची कुंपणं आली. रस्ते चौपदरी झाले आणि त्यांवरून कळप नेणं जिवावर बेतू लागलं. गायरानांवर घरं झाली, कारखाने झाले, आता सरकारी जमिनी शोधत सौर प्रकल्प आले आहेत. कोकणात आंब्या-काजूच्या बागा खाचरांच्या कडेपर्यंत उतरल्या. वनजमिनीवर रोपवनं. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. त्यांच्या वाट्याला उरलेला माळ लहान आणि तुकड्यातुकड्यांचा. मग कळप त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा फिरतो आणि तो तुकडा खंगतो. खंगलेला तुकडा दाखवून आपण म्हणतो, बघा, मेंढरांनी काय केलं, आणि पुढचा माळ बंद करतो. अति चराईचं मोठं कारण बंदी हेच आहे, आणि त्याच अति चराईचा दाखला नव्या बंदीसाठी दिला जातो. हे चक्र जोवर ओळखलं जात नाही तोवर कितीही कुंपणं घातली तरी माळ सुधारणार नाही.

वन्यजीवांच्या नावाने बंदी मागणाऱ्यांनी सोलापूरच्या नान्नजकडे पाहावं. १९७० च्या दशकात तिथे माळढोक असल्याची नोंद झाली आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शहरं, शेतं, सगळं आलं. लोकांना जमिनीचे व्यवहार करणं अवघड झालं, माळढोकबद्दल राग साचला, आणि पुढे अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. माळढोक तोवर जवळपास गेलाच. या पक्ष्याला काय लागतं ते पाहा. नराला नाचायला अगदी आखूड गवताची, लांबून दिसेल अशी जागा. मादीला अंडं घालायला मध्यम उंचीच्या गवताचा आडोसा. पिलांना टोळ, भुंगेरे. म्हणजे एकाच माळावर चरलेले आणि न चरलेले असे ठिगळांचे पट्टे हवेत. शेणकिडे हवेत, म्हणून शेण आणि लेंड्या हव्यात. सरसकट बंदीने असा माळ तयार होत नाही आणि मोकाट चराईनेही नाही. तो कुणीतरी विचारपूर्वक चारावा लागतो. शिवाय रोपवनांनी त्याला काय दिलं? उघड्यावर राहणाऱ्या, दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या पक्ष्याच्या घरात आपण गिरिपुष्पाच्या भिंती उभ्या केल्या.

लांडग्याचंही तसंच. महाराष्ट्रात तो अभयारण्यांपेक्षा धनगरांच्या मेंढरांमागे, उघड्या माळावर जास्त जगतो. काळवीट-चिंकाऱ्याची संख्या जिथे कमी आहे तिथे मेंढरू हेच त्याचं खाणं. धनगर त्याला हुसकतो, शिव्या घालतो, पण अनेक वाड्यांमध्ये त्याचा वाटा गृहीत धरलेला असतो. कळप माळावरून हटले की लांडगा गावाशेजारी येतो आणि मग विष, गाडीखाली येणं, कुत्र्यांचे रोग. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचं, सुप्याचं मयूरेश्वर ५.१४ चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा कुंपणात गवताळ प्रदेशाचं वन्यजीवन वाचतं असं ज्यांना वाटतं त्यांनी संध्याकाळी तिथल्या काळविटांना आजूबाजूच्या रानांत जाताना पाहावं.

राहिला कार्बनचा मुद्दा, कारण हल्ली वृक्षारोपणाचं समर्थन त्याच्या नावाने होतं. २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी अशी राज्याची लागवडीची उद्दिष्टं होती. त्या मोहिमेतल्या हजारो लोकांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण इतके खड्डे खणायला मोकळी जमीन लागते, आणि सरकारी नोंदीत गवताळ जमीन पडीक म्हणून लागलेली असल्याने खड्डे सर्वांत आधी तिथेच पडतात. झाडाचा कार्बन बराचसा खोडात असतो. झाड जळलं, तोडलं की तो हवेत. गवताचा मोठा साठा मुळांत, मातीत असतो, आणि दुष्काळ किंवा वणव्यानंतरही टिकतो. उथळ मुरमावर खड्डे खणून आपण ती मातीच उलथतो. त्यातून जे झाड उभं राहतं ते जमिनीतलं जेमतेम पाणी ओढतं. कच्छच्या बन्नीमध्ये १९६० च्या दशकात खारी जमीन पसरू नये म्हणून वेडी बाभूळ लावली. शेंगा गुरांनी खाल्ल्या, बी शेणातून सगळीकडे गेलं, आणि एके काळी आशियातल्या नामांकित गवताळ प्रदेशांत गणला जाणारा तो सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचा पट्टा काट्यांनी भरून गेला. तिथल्या मालधारी पशुपालकांच्या गाई त्या शेंगा खाऊन आजारी पडू लागल्या. ते आता तीच बाभूळ मुळासकट काढून गवत परत आणण्याचं काम करताहेत. चांगल्या हेतूने लावलेलं झाडही माळाला किती महाग पडतं, हे त्यांना विचारावं.

कायदा याबाबतीत धोरणाच्या पुढे आहे, ही दिलासा देणारी गोष्ट. २००६ च्या वन हक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये चराईचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, स्थायिकांचा आणि फिरत्यांचाही. भटक्या पशुपालकांना हंगामापुरता वनात जाण्याचा हक्क त्यात आहे. पण धनगर कायद्यातल्या ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या गटात मोडतात, त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. वर्षातले आठ महिने पाठीवर बिऱ्हाड असणाऱ्याने कागद कुठे जपून ठेवावा? तरीही पुरावा आहे. जुने चराई पास आहेत, दंडाच्या पावत्या आहेत. शेतात मेंढरं बसवणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी साक्षी आहेत, वाटेवरच्या बिरोबा-खंडोबाच्या ठाण्यांच्या जत्रा आहेत. ज्येष्ठांचं सांगणं आणि अशा खुणा पुरावा म्हणून धरायला नियमांत जागा आहे. दंडाची पावती तर उलट सर्वांत भक्कम: या माणसाचा आजा या माळावर मेंढरं चारत होता, असं सरकारनेच लिहून दिलेलं आहे. गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळवून ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूचं व्यवस्थापन करून दाखवलं. माळाच्या मुलखात तसं काही घडलेलं नाही, कारण इथे गाव स्थिर आहे आणि हक्कदार फिरता, आणि दोघांना एकत्र बसवायची जबाबदारी कुणी घेतलेली नाही. राज्य सरकार धनगरांना पावसाळ्यातल्या चार महिन्यांसाठी चराई अनुदान देतं. ते मिळावं, नक्की मिळावं. पण पैसा देऊन माळ बंद ठेवण्यापेक्षा माळ उघडून देणं सोपं आहे आणि स्वाभिमानाचं आहे.

मग करायचं काय? पर्जन्यछायेतल्या वनविभागांनी आपल्याकडचे माळ आधी नकाशावर वेगळे काढावेत आणि त्यांवर लागवड करायची नाही असा शासन निर्णय व्हावा. खंगलेले माळ दोन-तीन पावसाळे बंद ठेवावेत, पण तारीख सांगून, आणि त्या काळात शेजारचा दुसरा माळ चराईला उघडा ठेवून. चांगल्या माळावर हंगाम ठरवावेत: पहिल्या पावसानंतर गवत हाताच्या वितीएवढं होईतो थांबायचं, बी धरायच्या वेळी काही पट्टे सोडायचे, दर वर्षी वेगळे. कुसळीचे पट्टे कुसळ येण्याआधी चारून घ्यायचे. यातली एकही गोष्ट धनगराला नवी नाही. घाटांतल्या आणि महामार्गांलगतच्या जुन्या वाटा मोजून नोंदवाव्यात, चौपदरी रस्त्यांखाली जनावरांसाठी बोगदे ठेवताना कळपांचाही विचार व्हावा. गायरान सौर प्रकल्पाला देताना ग्रामसभेबरोबर तिथे येणाऱ्या वाड्यांचीही सुनावणी व्हावी.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्यानिमित्त परिषदा होतील, स्मरणिका निघतील. त्याऐवजी एक काम झालं तर मला जास्त आनंद होईल. वनविभागांच्या कार्य आयोजना दहा-दहा वर्षांसाठी लिहिल्या जातात आणि पुढची सगळी कामं, खर्च, बंद्या त्यांतूनच ठरतात. सोलापूर, पुणे, सातारा, सांगली आणि अहिल्यानगर विभागांची पुढची आयोजना लिहिताना माळांचं स्वतंत्र प्रकरण असावं, आणि ते त्या माळांवर मेंढरं आणणाऱ्या वाड्यांबरोबर बसून लिहिलं जावं. बैठक घ्यायची तर ती पावसाळ्यात घ्यावी. दिवाळीनंतर ते लोक गावात सापडणार नाहीत.